धुराचे परवाने कुणाच्या पदरात?

प्रश्न : शेगावहून अकोल्याला रेल्वेने जाताना पारसच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. अशा केंद्रांनी धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी असा नियम २०१५ साली झाला, मुदती वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक संचांना त्यातून सूट मिळाली, असे वाचले. आता म्हणतात, प्रदूषणाचा बाजार भरणार, कारखान्यांना प्रमाणपत्रे मिळणार आणि ती त्यांनी आपसात विकायची-घ्यायची. ज्यांनी साधा नियम दहा वर्षे लांबवला, ते ही प्रमाणपत्रेसुद्धा वजन वापरून फुकटात पदरात पाडून घेणार नाहीत कशावरून? मग असा बाजार हवाच कशाला?
— शेगाव तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि अर्थशास्त्रज्ञही गेली पन्नास-साठ वर्षे ती गांभीर्याने घेत आले आहेत. मात्र तिच्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. परवाने कुणाला मिळणार, हा एक. एकूण परवाने किती असणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात वशिला चालला तर पैशाचा अन्याय होतो, दुसऱ्यात चालला तर हवा बिघडते. भारतात सध्या उभ्या राहणाऱ्या बाजाराची रचना अशी आहे की हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. मला काळजी वाटते ती याच जागी. तिथवर जरा सावकाश जाऊ.

आधी पारसबद्दल, कारण तुमच्या मनात राग तिथून उठला आहे. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग दोन औष्णिक केंद्रांच्या मध्ये येतो. मुंबई-हावडा मार्गावर पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगर, पूर्वेला पारस, आणि मध्ये मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा जळताना त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू चिमणीबाहेर पडला की हवेतल्या इतर घटकांशी संयोग होऊन त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, आणि ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. फुप्फुसात खोलवर शिरतात ते हेच कण. त्यामुळे केंद्र अकोला जिल्ह्यात असले तरी प्रश्न आपलाही आहे.

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी नवे निकष काढले आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पाळली गेली नाही. ती २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे गट पाडून वेगवेगळ्या तारखा ठरल्या, २०२२ मध्ये त्या दोन वर्षांनी पुढे गेल्या, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षांनी. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने चित्रच बदलले. राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरांच्या आतल्या संचांना सक्ती राहिली. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेचे निकष न पाळणारी शहरे यांच्या जवळच्या संचांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार. उरलेले सुमारे ७८ टक्के संच, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर, मोकळे.

सूट देण्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही, हे नीट सांगायला हवे. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, साधारण अर्धा टक्का. यंत्रणेचा खर्च मोठा आहे, ती चालवायलाही वीज लागते आणि चुनखडी लागते. नागपूरच्या नीरीसारख्या संस्थांच्या अभ्यासांचा आधार या निर्णयाला दिला गेला. दुसरी बाजू म्हणते की मोजायचे ते सल्फेटचे कण, चिमणीजवळचा वायू मोजून भागत नाही. या वादात शास्त्रज्ञांमध्ये खरोखर मतभेद आहेत. पण अर्थशास्त्राच्या नजरेतून मला सलते ती गोष्ट वेगळी आहे. या दहा वर्षांत काही केंद्रांनी, त्यांत एनटीपीसीची काही केंद्रे आली, नियम खरा मानून यंत्रणा बसवली आणि खर्च केला. जे थांबून राहिले त्यांचा खर्च वाचला. ऊर्जा मंत्रालय आणि वीज कंपन्या मुदतवाढ मागत राहिल्या, आणि ती मिळत राहिली. यंत्रणेवर पैसा घालण्यापेक्षा मुदतवाढीच्या प्रयत्नांवर घातलेला जास्त परतावा देतो, हा धडा यातून प्रत्येक कारखान्याने घेतला असणार. पुढचा कोणताही नियम आला, साधा असो की बाजाराचा, त्याच्या पहिल्या दिवसापासून हा धडा लक्षात ठेवूनच हिशेब मांडले जातील.

या प्रकाराला अर्थशास्त्रात नाव आहे, रेंट-सीकिंग. माल काढून, सेवा देऊन, नवे तंत्र शोधून कमावण्याऐवजी सरकारी परवाना, सवलत किंवा कोटा मिळवून आयती कमाई करायची आणि ती मिळवण्यासाठी पैसा, माणसे, वेळ खर्चायचा. गॉर्डन टुलॉक यांनी १९६७ साली दाखवले की नुकसान एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जाण्यापुरते नसते. तो मिळवण्याच्या चढाओढीत जी साधनसंपत्ती खर्ची पडते ती समाजाच्या हातून कायमची जाते. नाव दिले अॅन क्रूगर यांनी, १९७४ मध्ये, आणि त्यांच्या लेखात भारत ठळकपणे होता. १९६४ सालच्या भारतातल्या परवान्यांतून निर्माण होणाऱ्या आयत्या कमाईचा त्यांचा अंदाज होता राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के. त्यांनी टिपलेली एक गोष्ट आजच्या प्रश्नाला थेट लागू आहे. परदेशी कच्च्या मालाचे आयात-परवाने कारखान्याच्या स्थापित क्षमतेच्या प्रमाणात मिळत. म्हणून कारखानदार गरज नसताना क्षमता वाढवून ठेवत, यंत्रे रिकामी पडली तरी चालेल, परवाना मोठा मिळाला पाहिजे. वाटपाचा निकष ज्या गोष्टीवर ठरतो ती गोष्ट लोक फुगवतात. धुराच्या परवान्यांबाबत हा निकष बहुतेक वेळा असतो 'आजवर किती धूर सोडला', म्हणजे ज्याने जास्त सोडला त्याला जास्त परवाने.

युरोपात नेमके हेच झाले. तिथला कार्बन बाजार २००५ मध्ये सुरू झाला. परवाने जवळजवळ सगळे फुकट वाटले गेले, आणि प्रत्येक देशाने आपापल्या उद्योगांची गरज फुगवून सांगितली. २००६ च्या एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष मोजलेले उत्सर्जन जाहीर झाले तेव्हा कळले की परवाने गरजेपेक्षा जास्त आहेत. टनामागे तीस युरोच्या आसपास गेलेला भाव काही दिवसांत अर्ध्याखाली आला आणि २००७ मध्ये जवळजवळ शून्यावर. त्याहून वाईट म्हणजे, वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांचा बाजारभाव ग्राहकांच्या बिलात चढवला. हिशेबाच्या दृष्टीने त्यात त्यांनी चूक केली असे नाही, कारण विकता येणारी वस्तू वापरली तर तिची किंमत धरावीच लागते. पण त्या परवान्यांची मालकी जनतेची होती आणि पैसा कंपन्यांना मिळाला. हे उघड झाल्यावर २०१३ पासून युरोपने वीज क्षेत्रासाठी, काही देशांना दिलेले अपवाद सोडून, फुकट वाटप बंद केले आणि लिलाव सुरू केला.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सल्फर डायऑक्साइडचा बाजार आला. त्या कायद्यातही ज्यांच्या खाणीत गंधक जास्त त्या राज्यांच्या खासदारांनी आपल्या केंद्रांसाठी जादा परवाने लिहून घेतले. ओहायो, इंडियाना आणि इलिनॉय यांच्या वाट्याला पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन लाख जादा परवाने आले. लिलावाला जेमतेम २.८ टक्के उरले. तरीही हवेतला गंधक ठरल्याप्रमाणे, उलट थोडा लवकरच, घटला. वशिला भरपूर चालला आणि बाजारही यशस्वी झाला, हे कसे?

याचे उत्तर नळगंगेच्या धरणाशेजारच्या शेतकऱ्याला पटकन समजेल. धरणात पाणी किती सोडायचे हे आधी ठरले आणि मग वाटणीवरून भांडण झाले, तर एकाला जास्त, दुसऱ्याला कमी मिळेल, पण धरण ठरल्याहून जास्त रिकामे होणार नाही. आता उलट समजा. एकूण पाण्यावर मर्यादाच नाही, फक्त 'एकरी इतके पाणी' असा नियम आहे, आणि तो आकडा वाढवून घेण्यासाठी प्रत्येक गटाने मुंबईला खेपा सुरू केल्या. तर प्रत्येक यशस्वी खेपेला धरणाची पातळी उतरेल. अमेरिकेत एकूण सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा कायद्यात लिहिलेली होती. वाटपातली ओढाताण त्या मर्यादेच्या आत झाली, म्हणून तिने पैसा इकडचा तिकडे केला, हवा बिघडवली नाही. रॉबर्ट हान आणि रॉबर्ट स्टॅव्हिन्स यांनी २०११ मध्ये या गुणावर सविस्तर लिहिले. राजकारण्यांना तडजोडीसाठी थोडा खाऊ देऊनही पर्यावरणाचे उद्दिष्ट शाबूत राहू शकते, ही अशा बाजाराची मोठी ताकद आहे.

आता आपल्याकडे या. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. बाजार कार्बनचा आहे, गंधकाचा किंवा राखेचा नाही, हे आधी ध्यानात घ्या. एका प्रमाणपत्राचा अर्थ एक टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन. कारभार ऊर्जा दक्षता ब्युरोकडे, व्यवहारांवर नियंत्रण केंद्रीय वीज नियामक आयोगाचे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली बंधनकारक उद्दिष्टे आली, अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांसाठी. आधारवर्ष २०२३-२४, आणि उद्दिष्टे २०२५-२६ व २०२६-२७ साठी.

यात एकूण कमाल मर्यादा नाही. उद्दिष्ट आहे ते दर टन मालामागे किती उत्सर्जन चालेल, याचे. ज्याचा आकडा त्याहून कमी आला त्याला प्रमाणपत्रे फुकट मिळणार, ज्याचा जास्त आला त्याने ती विकत घ्यायची. विकसनशील देशाला उत्पादनावर थेट टाच आणायची नाही, हे यामागचे कारण मला मान्य आहे. पण परिणाम बघा. एखाद्या सिमेंट कारखान्याने आधारवर्षातले आपले उत्सर्जन जास्त दाखवण्यात यश मिळवले, किंवा आपल्या गटाचे उद्दिष्ट अर्धा टक्का सैल करून घेतले, तर ती सूट दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून जात नाही. ती सरळ हवेत जाते. शिवाय बाजारात प्रमाणपत्रे वाढतात, भाव पडतो, आणि ज्याने मनापासून सुधारणा केली त्याला तिची किंमत मिळत नाही.

ही नुसती कल्पना नाही. कार्बनच्या आधी आपल्याकडे ऊर्जाबचतीची अशीच योजना होती, परफॉर्म, अचिव्ह अँड ट्रेड, म्हणजे पॅट. २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ मोठे ऊर्जाग्राहक होते. ठरवले होते सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायची, वाचली सुमारे ८७ लाख टन. कौतुक झाले, आणि काही अंशी ते योग्यही होते. पण इतक्या सहज उद्दिष्ट ओलांडले जाते तेव्हा ते मुळात सैल होते का, हे विचारायलाच हवे. सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे दिली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हाचा १,२०० रुपयांचा भाव काही महिन्यांत दोनशेच्या आसपास घसरला, आणि प्रत्यक्ष व्यवहार झाला जेमतेम १३ लाख प्रमाणपत्रांचा. उद्दिष्ट तपासताना कोळशाचा दर्जा, संच कमी भाराने चालणे अशा कारणांसाठी आकड्यांत समायोजन करण्याची तरतूद होती. त्यातली काही समायोजने न्याय्यच असतात, कारण ओला कोळसा आला तर केंद्राचा दोष नाही. पण अशा सूत्रांच्या कलमा-पोटकलमांतच आयती कमाई लपते. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, कारण ते वाचायला कुणाला वेळ नसतो, आणि ज्याला लाभ होणार असतो त्याच्याकडे ते वाचणारी माणसे पगारावर असतात.

मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली सांगितलेली गोष्ट इथे आठवावी लागते. लाभ थोड्यांना आणि मोठा, नुकसान पुष्कळांना आणि प्रत्येकी थोडे, असे असले की थोडे जण संघटित होतात आणि पुष्कळ जण गप्प बसतात. पारसच्या धुराने तुमचे नेमके किती रुपयांचे नुकसान होते ते तुम्हाला सांगता येणार नाही. यंत्रणा न बसवल्याने किती वाचले ते वीज कंपनीला पैशासकट सांगता येते.

दबावाची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेत २००९ साली वॅक्समन-मार्की विधेयक आले. देशव्यापी कार्बन बाजाराचा तो प्रस्ताव होता. सुरुवातीची बहुतेक प्रमाणपत्रे उद्योगांना फुकट देऊ करूनही ते खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी कसेबसे पार पडले आणि सिनेटमध्ये अडकून मेले. काइल मेंग आणि अॅशविन रोड यांनी २०१९ मध्ये दाखवले की त्या विधेयकाभोवती कंपन्यांनी दबावकार्यावर ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, आणि त्यामुळे विधेयक मंजूर होण्याची शक्यता सुमारे १३ टक्के गुणांनी घटली. विरोधातल्या कंपन्यांचा पैसा बाजूच्या कंपन्यांच्या पैशापेक्षा जास्त परिणामकारक ठरला.

मग बाजार हवा कशाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी बाजाराच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सुरतेत आहे. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरतेच्या कारखान्यांतल्या, मुख्यतः कापड उद्योगातल्या, चिमण्यांच्या धूलिकणांचा बाजार सुरू केला. कण मोजून खरेदी-विक्रीचा हा जगातला पहिला. एकूण कणांवर कमाल मर्यादा घातली, ८० टक्के परवाने फुकट वाटले, २० टक्के लिलावाने विकले, किलोमागे भाव ५ रुपयांच्या खाली आणि १०० रुपयांच्या वर जाऊ दिला नाही. नियम मोडला तर आधीच भरून ठेवलेल्या अनामतीतून रक्कम कापली जाई. मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन यांनी बाजारातल्या कारखान्यांची तुलना जुन्या पद्धतीने चाललेल्यांशी केली. बाजारातल्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले, नियमपालन ९९ टक्क्यांवर गेले, आणि तेवढीच घट साधण्याचा खर्च जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी आला. जुन्या पद्धतीत दोष सापडला तर कारखाना बंद करण्याची नोटीस किंवा खटला, म्हणजे शिक्षा इतकी जड की ती देणे टळत राहते. बाजारात दर किलोला किंमत आहे, म्हणून ती रोज वसूल होते. कुणाला किती सवलत मिळाली हे किलोत आणि रुपयांत उघड दिसते, मुदतवाढीत ते दिसत नाही.

महाराष्ट्रासाठी ही गोष्ट दुखरी आहे. २०११ मध्ये केंद्राने अशा बाजाराचा पथदर्शी प्रयोग गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडूत करायचे ठरवले होते. आपल्याकडे २०१७ पासून प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन त्यांची कामगिरी लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली, ते चांगलेच झाले, पण धूलिकणांचा बाजार सुरतेत उभा राहिला, आपल्याकडे नाही.

सुरतेच्या आधी गुजरातमध्ये आणखी एक प्रयोग झाला होता, आणि तो मला बाजाराहूनही महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या धुराची तपासणी करणारा लेखापरीक्षक पूर्वी कारखानाच निवडत असे आणि त्याची फीही कारखानाच भरत असे. अहवालात बहुतेकांचे आकडे मर्यादेच्या जरासे खाली येत. संशोधकांनी काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, फी सामायिक निधीतून दिली आणि त्यांची फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन योजनेतले उत्सर्जन पडताळणारे कुणी नेमायचे, त्यांना पैसे कुणी द्यायचे, हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण सगळी आयती कमाई त्या एका दारातून आत येऊ शकते.

म्हणून नव्या योजनेत मी पुढच्या गोष्टी मागेन. आधारवर्षाचे आकडे कारखानानिहाय उघड असावेत. समायोजनाची सूत्रे आधी जाहीर व्हावीत, मागाहून त्यांत भर नको. पडताळणी करणारा कारखान्याने निवडू नये. हळूहळू एकूण मर्यादा यावी आणि लिलावाचा हिस्सा वाढावा. आणि औष्णिक वीज क्षेत्र, जे देशातले सगळ्यात मोठे उत्सर्जक आहे आणि योजनेच्या पहिल्या यादीत नाही, ते कधी येणार याची तारीख सांगितली जावी. एक चांगली तरतूद आहे, ती टिकली पाहिजे. प्रमाणपत्रे कमी पडली तर सरासरी बाजारभावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई भरावी लागते. हीच तरतूद पुढे सैल करण्याची मागणी येईल असे मला वाटते, म्हणून नजर तिच्यावर ठेवावी.

बुलढाण्यात बसून काय करता येईल, असे तुम्ही विचारलेले नाही, पण सांगतो. असे नियम अंतिम होण्याआधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी साठ दिवस मिळतात. त्या काळात उद्योगसंघटनांची निवेदने जातात, गावांची जात नाहीत. मोठा नवा प्रकल्प आला तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जिल्ह्यातच जनसुनावणी होते, तीस दिवस आधी जाहिरात येते, आणि अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत वाचायला ठेवतात. तो मागून वाचा. उत्सर्जनाचा आधार कोणत्या वर्षाचा धरला आहे, ते आधी पाहा.

प्रश्न : खामगावला आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. असल्या बाजाराचा फटका छोट्यांनाच बसतो, मोठे निभावून नेतात, असा अनुभव आहे. आमचे काय होणार?
— खामगाव येथील एक उद्योजक

उत्तर : सध्याच्या कार्बन योजनेत जिनिंग, तेलगिरण्या, डाळमिल असे उद्योग येत नाहीत, त्यामुळे लगेच काही होणार नाही. पुढेमागे औष्णिक वीज योजनेत आली तर विजेच्या दरातून थोडा भार येऊ शकतो.

तुमचा अनुभव मात्र सिद्धांताशी जुळतो. चिमणीत सतत मोजणारे यंत्र बसवायला आणि कागदपत्रे सांभाळायला जो खर्च येतो तो मोठ्याला आणि छोट्याला जवळजवळ सारखाच, म्हणून तो छोट्याला टनामागे जास्त पडतो. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९७१ मध्ये दाखवले की प्रस्थापित उद्योग पुष्कळदा नियम स्वतःच मागतात, कारण तो नव्या स्पर्धकाला दारात अडवतो. जुन्यांना परवाने फुकट आणि नव्याने विकत घ्यायचे, अशी वाटणी झाली तर हेच घडते. छोट्या उद्योजकांनी बाजाराला विरोध करण्यापेक्षा नव्या कारखान्यासाठी राखीव परवाने आणि सामायिक मापनाची सोय मागावी. मलकापूर, खामगाव, चिखली इथल्या औद्योगिक वसाहतींत एकेकट्याने मोजणी करण्यापेक्षा ती एकत्र झाली तर परवडेल.

आणखी एक. कार्बन कुठेही कमी झाला तरी परिणाम सारखाच, म्हणून तो देशभर विकता येतो. धूळ आणि राख तशी नाही. खामगावच्या चिमणीने दुसऱ्या जिल्ह्यातला परवाना विकत घेऊन इथे जास्त धूळ सोडली, तर ती इथल्याच मुलांच्या छातीत जाईल. धुळीचा बाजार एका शहरापुरता, एका वसाहतीपुरताच ठेवावा. सुरतेने तेच केले.

प्रश्न : शेतात झाडे लावली, मशागत कमी केली तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणून काही लोक गावात येऊन सह्या घेत आहेत. करावे का?
— संग्रामपूर तालुक्यातील एक शेतकरी

उत्तर : खारपाणपट्ट्यात झाड जगवणे किती कठीण ते तुम्हाला मी सांगायला नको. कल्पना खोटी नाही. कार्बन योजनेत ज्यांच्यावर बंधन नाही त्यांनी स्वेच्छेने प्रकल्प करून क्रेडिट मिळवण्याची सोय डिसेंबर २०२३ मध्ये जोडली गेली, आणि तिच्या यादीत शेती व वने आहेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या स्वेच्छा कार्बन बाजारासाठी आराखडाही काढला.

पण आयती कमाई फक्त कारखानदार करतो असे नाही, मधला माणूसही करतो. गुजरातमधल्या रणजितनगरच्या कारखान्याचा इतिहास याच जातीचा आहे. शीतकरणाचा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारा. तो जाळून टाकला की क्योटो कराराखाली भरघोस क्रेडिट मिळत. जाळायला खर्च थोडा, क्रेडिट अफाट. जगभरच्या अशा कारखान्यांबाबत प्रश्न उठला की मुख्य वायू विकायला बनवतात की उपपदार्थ जाळून क्रेडिट मिळवायला. युरोपने मे २०१३ पासून ही क्रेडिट स्वीकारणे बंद केले. ज्यांनी आधी पैसे घेतले ते घेऊन मोकळे झाले होते.

सही करण्यापूर्वी करार मराठीत मागा. क्रेडिट कुणाच्या नावावर नोंदले जाईल, मोजणीचा आणि नोंदणीचा खर्च कुणाच्या वाट्यातून जाईल, विक्रीच्या भावातला तुमचा हिस्सा टक्क्यांत किती, बंधन किती वर्षांचे आणि झाडे वाळली किंवा शेत विकावे लागले तर काय, ही पाच उत्तरे त्यात लिहिलेली असावीत. तीस-चाळीस वर्षांचे बंधन तुमच्या मुलांवर पडते. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला हिस्सा असे लिहिले असेल तर खर्चाची वरची मर्यादा करारात घालून घ्या, कारण खर्चाचा आकडा तेच सांगणार. एकट्याने सही करू नका. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामसभेमार्फत एकत्र बोलणी केली तर मोजणीचा खर्च वाटला जातो आणि भावही बरा मिळतो. कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथेच थांबा.